पाईपांचा संग्रह: चौदा नग झाले, आता दिशा कशी द्यावी?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. प्रश्न तंबाखू ओढायच्या जुन्या पाईपांबद्दल आहे. ओढण्यासाठी नकोत, जमवायचे आहेत आणि नीट जपायचे आहेत.

सध्या १४ नग आहेत, सगळे वापरलेले. ब्रायरच्या लाकडाचे बिननावाचे ६, केवूडी कंपनीचे २, मक्याच्या कणसाचे २, पीटरसन, डनहिल, फाल्कन या कंपन्यांचे आणि मिरशॉम या दगडाचा प्रत्येकी १. चोरबाजार, जुना बाजार आणि परदेशातून मागवलेला एक मिश्र गठ्ठा, असे जमत गेले. आता पुढचं काहीतरी ठरवून घ्यायचं आहे. विचारायचं ते असं:

१. यातून संग्रहाला दिशा कशी मिळेल? एकच कंपनी धरावी, एकच आकार धरावा, की आणखी काही?

२. डनहिलवर ४१०३ हा आकडा आहे आणि ‘मेड इन इंग्लंड’च्या शेवटी बारीक १९ आहे. यावरून साल कळतं का?

३. पीटरसनवर ३०७ आहे. दांडीच्या (वाटीला जोडलेल्या नळीच्या) पांढऱ्या धातूच्या कड्यावर तीन छोटी चित्रं ठोकलेली आहेत. ही चांदी समजायची का? त्याचं स्टेमही, म्हणजे तोंडात धरायचा भाग, निघत नाही.

४. एका केवूडीचं स्टेम घट्ट पिळलं की सरळ रेषेच्या पुढे जाऊन वाकडं थांबतं.

५. घर रत्नागिरीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वाट्यांच्या आत पांढरी बुरशी धरते आणि काळी स्टेमं हिरवट-तपकिरी होतात. काय करावं?

उंबरठा

पिंपळपान, दिशा तुमच्या यादीतच आहे, फक्त वेगळ्या नजरेने वाचायला हवी.

पाईपची मूळ अडचण पाण्याची. तंबाखू जळताना वाफ होते, ती दांडीत थंड होऊन पाणी साचतं, त्यात डांबर मिसळतं आणि तो कडू रस ओढणाऱ्याच्या तोंडात येतो. गेल्या दीड-एकशे वर्षांत पाईप बनवणाऱ्यांनी जी डोकी लढवली त्यातली निम्मी तरी या एका पाण्यासाठी. तुमच्याकडच्या चार नावांनी याची चार वेगळी उत्तरं दिली आहेत. म्हणून माझा सल्ला: कंपनी धरू नका, आकार धरू नका, ‘धूर कोरडा ठेवण्याच्या युक्त्या’ हा विषय धरा. एकाच कंपनीचा संग्रह लवकरच पैशाच्या शर्यतीत जातो. युक्त्यांच्या संग्रहात स्वस्त नगही मानाने बसतो, कारण तो एक मुद्दा मांडत असतो.

तुमच्या पीटरसनमध्ये दांडीच्या तळाशी एक विहीर आहे. चार्ल्स पीटरसन मूळचा रीगाचा, लॅटव्हियातला. डब्लिनमध्ये काप बंधूंबरोबर त्याने धंदा उभारला आणि १८९० मध्ये या ‘सिस्टिम’चं पेटंट घेतलं. धूर वाटीतून अरुंद भोकाने येतो, दांडीतल्या रुंद पोकळीत शिरला की त्याचा वेग पडतो, आणि पाणी खाली विहिरीत उतरतं. पुढे १८९८ मध्ये त्याने ओठाचं पेटंट घेतलं: स्टेमच्या टोकाचं भोक समोर न ठेवता वरच्या बाजूला काढलं, म्हणजे धूर जिभेवर न जाता टाळूकडे जातो. तुमच्या नगाचं टोक बघा. भोक वर असेल तर तो ‘पी-लिप’.

डनहिलचं उत्तर म्हणजे आतली ॲल्युमिनियमची काढती नळी, १९१२ च्या पेटंटची. डांबर लाकडाला न लागता नळीला लागतं, नळी काढून पुसली की काम झालं. केवूडीने स्टेमच्या टोकाला भोकं पाडलेलं धातूचं बोंड बसवलं. त्याला स्टिंगर म्हणतात. गरम धूर थंड धातूवर आपटतो आणि वाफ तिथेच थिजते. चार भोकांचं स्टिंगर जुनं, तीन भोकांचं नंतरचं. पुष्कळ लोकांनी ओढ मोकळी व्हावी म्हणून ते कापून टाकलेलं असतं, तेव्हा घेताना अखंड आहे ना ते पाहा. फाल्कनमध्ये तर दांडीच धातूची: ॲल्युमिनियमची नळी, वाटीखाली एक उथळ ताटली, वाटी आट्यांवर फिरवून बसवायची. अमेरिकेतल्या केनली बगची ही १९३० च्या दशकातली कल्पना.

पुढची खरेदी या ओळीत करा. कॅनडाचा ब्रिगम (टोरांटो), ज्यात मेपल लाकडाची पोकळ काडी बसते. स्टेमवरच्या पितळी ठिपक्यांची संख्या म्हणजे त्याची प्रत. इटलीचा साविनेली, बाल्सा लाकडाचा तिकोनी तुकडा घालायचा. जर्मनीचा फाउएन, कोळशाच्या ९ मिमी फिल्टरचा. सिॲटलचा कर्स्टन, पूर्ण धातूची जाड नळी, मोटारीच्या रेडिएटरसारखी उष्णता बाहेर टाकणारी. तो बनवणारा फ्रेडरिक कर्स्टन हा विमानविद्येचा प्राध्यापक होता, हे पाईप हातात घेतल्यावर पटतं. आणि जमलं तर एक कॅलाबॅश: दक्षिण आफ्रिकेतल्या भोपळ्याचं शरीर, वर मिरशॉमची वाटी, मधे मोठी मोकळी पोकळी. पीटरसनची विहीर आणि कॅलाबॅशचं पोट शेजारी ठेवले की तत्त्व एकच आहे हे कुणालाही न सांगता दिसतं.

दुसरी शाखा पाणी पिणाऱ्या वस्तूंची. कणीस, मिरशॉम, भाजलेली पांढरी माती. यांत यंत्र नाही, भांडंच ओल शोषतं. तुमची कणसं इथे बसतात. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावी १८६९ पासून हे बनतात. कणीस वाळवून, कातून, बाहेरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर देतात. या शाखेत आपली मातीची चिलीम जरूर ठेवा, छापी आणि आतल्या खड्यासकट. खडा तंबाखू अडवतो, ओली छापी धूर थंड करते. प्रश्न तोच, उत्तर आपल्याकडचं.

बिननावाच्या ६ नगांपैकी एक-दोन हात बसवण्यासाठी ठेवा. बाकीच्यांवर भिंग धरा: ब्रायर ही भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ, तिच्यात वाळूचे खडे आणि भेगा असतातच. हलक्या मालात त्या लांबीने (पुट्टीने) बुजवतात. रंग उडाला की लांबीचे गुलाबी-मातकट ठिपके उघडे पडतात. असे पाच-सहा ठिपके दिसले तर तो नग संग्रहात नको, सरावाला ठेवा.

सोनचाफा

उंबरठा यांनी दिशा उत्तम दिली. मी ठशांबद्दल लिहिते, कारण पाईपाचा ठसा हाच त्याचा जन्मदाखला. तो घासून गेला की उरतं ते फक्त चांगलं लाकूड.

आधी डनहिल. ‘मेड इन इंग्लंड’नंतरचा दोन आकडी १९ हा १९६० मध्ये मिळवायचा: १९७९. आता याला दुसऱ्या ठशाची साक्ष घ्या. चार आकडी क्रमांकाची पद्धत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली, म्हणजे दोन्ही जुळतात. ४१०३ असा वाचायचा: ४ म्हणजे माप (१ ते ६), १ म्हणजे निमुळतं स्टेम (२ असतं तर खोगिरी), ०३ म्हणजे बिलियर्ड, सरळ दांडीचा साधा आकार. तुमचा नग हातात घेऊन पाहा: स्टेम निमुळतं नसून मधे एकदम पातळ होत असेल तर स्टेम बदललेलं आहे. ठसा आणि वस्तू यांचं जमत नाही तिथे नेहमी वस्तूबद्दल शंका घ्यायची.

एकच अंक असेल तर घाई नको. एकटा ४ हा वेगवेगळ्या दशकांत येऊन गेला आहे. तेव्हा अंकाचा आकार, तो वर उचललेला आहे का, खाली रेघ आहे का, शेजारी पेटंट क्रमांक आहे का, हे सगळं एकत्र पाहूनच दशक ठरतं. विकणाऱ्याने नुसतं ‘१९२४’ सांगितलं तर ठशाचा जवळून फोटो मागा.

पीटरसन: तुमच्या कड्यावरची तीन चित्रं तीनपानी शॅमरॉक, कुत्रा आणि गोल मनोरा अशी असतील. भिंगाने बघा. ती चांदीची खूण नाही. ते निकेलच्या कड्यावर ठोकलेले सजावटीचे शिक्के आहेत, आणि हॉलमार्कसारखे दिसत असल्यामुळे भलेभले फसतात. ३०७ ही ‘सिस्टिम स्टँडर्ड’ मालिका, तिला निकेलच असतं. डब्लिनच्या खऱ्या चांदीवर बसलेली हायबर्निया ही स्त्री, मुकुट घातलेली हार्प आणि सालाचं अक्षर असतं.

साल ठरवायला पीटरसनवर देशाचं नाव बघा. ‘आयरिश फ्री स्टेट’ म्हणजे १९२२ नंतरचा आणि दुसऱ्या महायुद्धाआधीचा. ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ म्हणजे १९४९ किंवा नंतरचा, कारण प्रजासत्ताकच तेव्हा झालं. नुसतं ‘मेड इन आयर्लंड’ मात्र अनेक काळांत येतं, त्यावर विसंबू नका.

इंग्लंडच्या चांदीत सिंह असला की ९२५ ची चांदी. जहाजाचा नांगर असला तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असलं तर लंडन. त्याशेजारचं अक्षर म्हणजे साल, पण दोन्ही शहरांची अक्षरमाला वेगळी. उदाहरण घ्या: कॅपिटल ई. बर्मिंगहॅमची माळ १९२५ ला ए पासून सुरू झाली, म्हणून तिथे ई म्हणजे १९२९, आणि पुढच्या फेरीत १९५४. लंडनची १९३६ ला सुरू झाली, म्हणून तिथे तेच ई १९४० चं. फरक अक्षराच्या वळणात आणि भोवतीच्या ढालीच्या आकारात असतो. आधी शहर ओळखायचं, मगच अक्षर वाचायचं. १९७५ पासून सगळ्या शहरांचं अक्षर एकच झालं, तिथून पुढे सोपं आहे.

एक सावधगिरी. चांदीचं साल हे कड्याचं साल, पाईपाचं नव्हे. दांडीला चीर गेली की कडं चढवून ती बांधतात, म्हणजे १९१० च्या पाईपवर १९३० चं कडं असू शकतं. म्हणून बनवणाऱ्याची अक्षरं बघायची. पीटरसनच्या चांदीवर के आणि पी, बार्लिंग या इंग्लिश कंपनीच्या चांदीवर ईबी आणि डब्ल्यूबी. ती नसतील तर कडं उपरं असण्याची शक्यता धरा आणि कड्याच्या कडेपासून निघणारी केसासारखी चीर शोधा.

ठसा वाचायची रीत: खोली अंधारी करा, टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून धरा म्हणजे प्रकाश आडवा जाईल. खोलगट अक्षरांत सावली भरते. वरून टाकलेल्या उजेडात जो ठसा पुसलेला वाटतो तो असा आडव्या उजेडात पूर्ण वाचता येतो. ठशात खडू किंवा पावडर भरू नका, ती ब्रायरच्या रंध्रांत बसते आणि निघत नाही.

आणि हस्तिदंताचं तोंड किंवा कडं असलेला पाईप कितीही जुना म्हणून सांगितला तरी घेऊ नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद आहे.

पिंपळपान

सोनचाफाताई, भिंगाने पाहिलं. शॅमरॉक, कुत्रा, मनोरा, अगदी तसंच. आणि डनहिलचं स्टेम निमुळतंच आहे. आतली नळी मात्र नाही. नळी नसणं हा दोष धरतात का? आणि सफाई कुठून सुरू करू?

सोनचाफा

दोष नाही. बहुतेकांची नळी पहिल्या मालकानेच काढून टाकलेली असते. पण तुमचा विषय युक्त्यांचा असल्यामुळे नळीसकट असलेला एक नग पुढे मिळवावा लागेल. मिळाला तर आधी नळी काढून पाहा: डांबराने ती दांडीत चिकटून राहते आणि पक्कड लावली की चेपते. दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्धा तास थांबणं, मग बोटांनी पिळणं.

निळू

सफाईचं मी सांगतो. हत्यारं थोडी लागतात, धीर जास्त.

लागणारा माल: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनप्रक्रियेचा कापूस, पाईप क्लीनर (न मिळाल्यास तारेवर गुंडाळलेला सुती दोरा), ड्रॉपर, ८० नंबरचा पॉलिश पेपर, ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर, कार्नोबा मेण. सुतार फ्रेंच पॉलिशला जे स्पिरिट वापरतात ते नको. त्यात विषारी मिथेनॉल असतं, आणि ही तोंडाला लागणारी वस्तू आहे.

पहिलं काम वाटीतल्या काजळीच्या थराचं. चाकू कधीही घालू नका. चाकूचं टोक तळाला घासत तळ खोल करतं, मग धुराचं भोक तळापासून वर राहतं आणि तिथे कायमची ओल साचते. ८० नंबरचा पेपर वाटीच्या आतल्या मापाच्या लाकडी दांडक्याला गुंडाळा (साधारण १८ मिमी) आणि फिरवत जा. वापरातल्या पाईपमध्ये १ ते १.५ मिमी थर ठेवतात. तुम्हाला ओढायचं नाही आणि घर कोकणात, तर अर्धा मिमीवर आणा. बुरशी लाकडावर नाही, या थरावर धरते. थर कोळशासारखा सच्छिद्र असतो, हवेतली ओल पितो, वर तंबाखूची साखर असतेच.

थर काढल्यावर आतून बघा. भिंतीला जाळीदार चिरा आणि त्यांतलं लाकूड ठिसूळ काळं असेल तर तिथे लाकूड जळत आलेलं आहे. बाहेरून त्याच जागी हात लावून काळसर डाग शोधा. असा नग महागाचा असेल तर विकत घेऊच नका.

मग डांबर आणि वास. वाटीत कापूस सैल भरा. समईला वळतो तशी कापसाची वात वळून दांडीच्या बाजूने आत सरकवा, वाटीच्या भोकापर्यंत पोचली पाहिजे. अंड्यांच्या ट्रेमध्ये पाईप असा टेकवा की वाटीचं तोंड आणि दांडीचं तोंड एका पातळीत येतील. ड्रॉपरने अल्कोहोल सोडा, कापूस वरपर्यंत भिजेल इतकंच. मध्यम वाटीला ८ ते १० मिलि पुरतं. काठावरून ओघळू देऊ नका, बाहेरचा रंग आणि लाख विरघळते आणि पांढरट पट्टा पडतो. खिडकी उघडी, जवळपास निरांजन-उदबत्ती नको. २४ तासांनी कापूस चहाच्या रंगाचा होऊन निघतो, वात काळी. वात फिकी निघेपर्यंत पुन्हा करा, बहुधा दोन-तीनदा. नंतर आठ दिवस सावलीत वाळू द्या.

काही जण कापसाऐवजी जाडं मीठ सांगतात. खेचण्याचं काम मीठही करतं.

आता स्टेम. काळं स्टेम बहुधा एबोनाइटचं असतं, फाउंटन पेनवाल्यांना ओळखीचं. रबर आणि भरपूर गंधक. ऊन, हवा आणि ओल लागली की पृष्ठभागावरचं गंधक सुटतं, म्हणून तो तपकिरी रंग आणि काडेपेटीसारखा वास. गरम पाण्यात टाकलं तर मिनिटात तपकिरी होतं, तेव्हा गार पाणीच वापरा. लोगोवर व्हॅसलीनचा थेंब ठेवा, डनहिलचा नुसता पांढरा ठिपका असला तरी. ४०० चा वॉटर पेपर ओला करून लांबीच्या दिशेने, मग ६०० आडवा, १००० लांबीने, २००० आडवा. दिशा बदलत गेलं म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसतं.

इथे सगळ्यांचा हात चुकतो ती जागा: स्टेम एकटं घासलं तर दांडीला भिडणारी कड गोल होते. मग पाईप जोडल्यावर त्या सांध्यावरून नख फिरवलं की खळगा लागतो, आणि तो पुन्हा भरता येत नाही. म्हणून जुन्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून एक चकती कापा, मधे भोक पाडा, ती स्टेमच्या टेननवर (दांडीत जाणाऱ्या टोकावर) चढवा आणि चकतीला धरून घासा. पेपर चकतीवर घसरतो, कड तीक्ष्ण राहते.

दातांचे खळगे असतील तर स्टेममध्ये आधी पाईप क्लीनर घाला म्हणजे भोक बंद होणार नाही, मग पणतीच्या ज्योतीच्या वर दोन बोटं अंतर ठेवून हलवत राहा. ऊब मिळाली की एबोनाइट मूळ आकाराकडे परत येतं आणि खळगा फुगून वर येतो. वाकडं स्टेमही त्याच कारणाने सरळ होऊ लागतं, तेव्हा ऊब फक्त टोकाला. ॲक्रिलिकला हा उपाय लागू नाही.

मेण शेवटी, कापडाच्या चाकावर. कार्नोबा ८० अंशांच्या वर वितळतं, हाताने घासून तितकी उष्णता येत नाही. ठशाच्या जागेवर चाक लावू नका. तिथे बोटाने मऊ मेण, बस.

उंबरठा

निळू, बाकी सगळ्याला +१, मिठाबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवं. कोकणात मीठ वापरूच नये. दांडीच्या कोपऱ्यात चार कण राहिले तरी ते पावसाळाभर हवेतलं पाणी ओढत राहतात. लाकूड फुगतं, सांधा आवळतो, आणि निकेल-ॲल्युमिनियमला खार चढतो. युक्त्यांचे पाईप म्हणजे जागोजागी धातू. कापूस आणि वातच.

पीटरसनच्या अडकलेल्या स्टेमबद्दल. पाईप प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ३० मिनिटं ठेवा. डांबर कडक होऊन तडकतं, एबोनाइट आकसतं. बाहेर काढल्याबरोबर एका हाताने वाटी नव्हे, दांडी धरा, आणि स्टेम सरळ रेषेत ठेवून पिळा. ओढू नका, वरखाली तर अजिबात नाही. नाही निघालं तर नगाला खोलीच्या तापमानावर येऊ द्या, वाटीच्या बाजूने चार थेंब अल्कोहोल सोडा, तीन तास उभा ठेवा, पुन्हा पिळा.

निघाल्यावर विहिरीत बघा. गूळ करपल्यासारखा काळा गोळा असेल. अल्कोहोलने मऊ करून कानातल्या कापसाच्या काड्यांनी काढा. टोकदार वस्तूने खणू नका, विहिरीच्या तळाखाली लाकडाची भिंत पातळ असते. आणि परत बसवताना सिस्टिमचं स्टेम कड्याला पूर्ण भिडवायचं नसतं. ते पाचरीसारखं आहे, हाताला घट्ट लागलं की थांबायचं. थोडी फट राहते ती तशीच राहायची. पुष्कळ जुन्या सिस्टिमची दांडी ही फट बुजवण्याच्या नादात चिरलेली असते.

केवूडीचं वाकडं थांबणारं स्टेम. आधी परत उलटवता येईल असा उपाय: लग्नपत्रिकेच्या कागदाइतक्या जाडीची चकती कापून आट्यांवर बसवा. स्टेम थोडं आधी थांबतं आणि रेषेत येतं. एवढ्याने भागलं तर पुढे जाऊ नका.

नाही भागलं तर स्टिंगर एबोनाइटमध्ये ज्या डिंकाने बसवलेलं असतं तो मऊ करावा लागतो. स्टेम दांडीतून काढा, स्टिंगरच्या फक्त टोकाला लायटरची ज्योत १० ते १५ सेकंद दाखवा, एबोनाइटपर्यंत ज्योत जाऊ देऊ नका. मग जाड फडक्यात गुंडाळलेल्या पकडीने धातू धरून स्टेम हवं तितकं मागे फिरवा, आणि पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. पकड न लावता पाईपमध्ये बसवून मागे फिरवायला गेलात तर डिंक सुटायच्या आधी आटेच सुटतील. पाईपमध्ये बसवूनच करायचं तर घट्ट होण्याच्या दिशेनेच, जवळजवळ पूर्ण फेरा देत रेषेत आणा.

तिसरी घंटा

साठवणीबद्दल, कारण कोकणातल्या पावसाळ्यात सगळी मेहनत एका महिन्यात वाया जाऊ शकते.

आर्द्रतामापक घ्या आणि पेटीतली आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत ठेवा. सिलिका जेल चालतं, पण ढिगाने नको. ३५-४० च्या खाली हवा गेली की जुनं ब्रायर आणि विशेषतः भोपळा तडकतो. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवून परत निळं करता येतं. अन्न शिजतं त्या ओव्हनमध्ये नको, निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

लाकडी पेटी बंद ठेवायची आणि उजेड येऊ द्यायचा नाही, एबोनाइटसाठी. पण एक मुद्दा हमखास सुटतो: बंद पेटीत एबोनाइट आणि चांदी एकत्र ठेवली तर स्टेममधून सुटणारं गंधक चांदी काळी करतं. चांदीच्या कड्याचा नग असेल तर कड्याला आम्लरहित टिश्यू गुंडाळा किंवा तो नग वेगळ्या खणात ठेवा. रबरबँडने जोड्या बांधू नका, तेच गंधक. काळी पडलेली चांदी सोनाराकडच्या मऊ कापडाने पुसा. तांब्या-पितळेच्या पावडरी किंवा चिंच लावली तर हॉलमार्कची धार जाते.

स्टेम काढून ठेवावं की लावून? पावसाळ्यात लावून. काढून ठेवलं की दांडीचं भोक फुगून आवळतं, आणि दिवाळीत जोर लावून बसवताना दांडी चिरते. महिन्यातून एकदा पिळून अर्धा सेंटीमीटर बाहेर काढायचं आणि परत बसवायचं.

मिरशॉमचं कुणी बोललं नाही. तो तुर्कस्तानातल्या एस्कीशहिरच्या खाणींतला मऊ खनिज दगड. त्याला अल्कोहोल नाही, पेपर नाही, पाणी नाही. आत मऊ कापड फिरवायचं, इतकंच. हातही स्वच्छ हवेत, कारण मेण लावलेल्या अंगावर बोटांचे ठसे राहतात. स्टेम पिवळं पारदर्शक असेल तर ते काढून (फक्त स्टेम, दगड नव्हे) विरघळेनासं होईपर्यंत मीठ घातलेल्या पाण्यात टाका: अंबर तरंगतं, बेकेलाइट बुडतं. काही प्लास्टिकही तरंगतं, म्हणून तरंगलं तर ‘अंबर असू शकेल’ एवढंच लिहायचं. बुडलं तर मात्र प्रश्न मिटला. लगेच साध्या पाण्याने धुऊन पुसा.

आणि वही ठेवा. प्रत्येक नगाला क्रमांक, वजन ग्रॅममध्ये, लांबी, वाटीचा व्यास आणि खोली मिमीमध्ये, ठसा ओळींसकट जसाच्या तसा, स्टेम मूळ की बदललेलं, आणि काय दुरुस्ती कधी केली. क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधा, लाकडाला चिकटवू नका.

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार. पीटरसनचं स्टेम फ्रीझरच्या पहिल्याच फेरीत निघालं. आता फाल्कनची वाटी आट्यांत अडकलेली आहे. तिलाही फ्रीझर?

उंबरठा

फ्रीझरने तिथे फारसं होत नाही. ॲल्युमिनियमच्या आट्यांत डांबर आणि पांढरा खार दोन्ही असतो. वाटी खाली करून पाईप उलटा धरा, ताटली आणि वाटीच्या सांध्याभोवती ड्रॉपरने अल्कोहोल सोडा, तासाभराने पुन्हा, असं दिवसभर. मग वाटीला रबरी हातमोजा घालून पकडा आणि दुसऱ्या हाताने ताटली धरा. नळी धरून पिळू नका, ती पातळ आहे, वाकली की सरळ करताना मोडते. निघाल्यावर आटे जुन्या टूथब्रशने अल्कोहोल लावून घासा, सोडा किंवा लिंबू नको, ॲल्युमिनियम काळं पडतं. पूर्ण वाळल्यावर आट्यांना मेणबत्तीचं मेण नखभर लावा आणि वाटी हलक्या हाताने टेकेपर्यंतच फिरवा.